रुग्णवाहिका-चालकांचं प्रशिक्षण: आठ तासांचा वर्ग, शंकूंचं मैदान की चार आठवड्यांचा रस्ता?

चालकांना नीट शिकवायचं ठरवलेल्या रुग्णवाहिका सेवेपुढे साधारण तीन तऱ्हेचे अभ्यासक्रम येतात. पहिला ‘ईव्हॉस’. तो अमेरिकेतल्या आपत्कालीन वैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या एनएईएमटी या संघटनेचा आहे, आठ तासांचा आणि वर्गात बसून करायचा. दुसरा ‘ईव्हॉक’. अमेरिकेच्याच राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने, म्हणजे एनएचटीएसएने, १९९५ साली तो प्रमाण अभ्यासक्रम म्हणून काढला. त्यात वर्ग आहे, मोकळ्या मैदानावर शंकू मांडून सराव आहे आणि पुढे देखरेखीखाली प्रत्यक्ष काम आहे. तिसरा ब्रिटनमधला, आपत्कालीन रुग्णवाहिका चालवण्याचं तिसऱ्या स्तराचं प्रमाणपत्र. तिकडे त्याला ‘सेराड’ म्हणतात. तो साधारण चार आठवडे चालतो आणि त्याचा मोठा भाग खऱ्या वाहतुकीत पार पडतो.

तिन्हींकडे आम्ही एकाच मोजपट्टीने पाहिलं आहे. शिकून बाहेर पडलेला चालक लाल सिग्नलच्या चौकात काय करतो, आणि मागच्या केबिनमध्ये रुग्णावर वाकलेल्या परिचारकाला त्याचा ब्रेक कसा जाणवतो? बाकी सगळं या दोन गोष्टींच्या मागून येतं.

ही मोजपट्टी घेण्याचं कारण आकड्यांत आहे. १९९२ ते २०११ या वीस वर्षांतल्या अमेरिकेतल्या अपघातांचा एनएचटीएसएने हिशेब मांडला. दर वर्षी सरासरी ४,५०० च्या आसपास रुग्णवाहिका-अपघात, त्यांतले २९ प्राणघातक आणि त्यांत ३३ मृत्यू. मेलेल्यांपैकी ६३ टक्के लोक दुसऱ्या वाहनात होते, २१ टक्के रुग्णवाहिकेत चालकाखेरीज बसलेले होते, १२ टक्के कोणत्याच वाहनात नव्हते, आणि रुग्णवाहिकेचे चालक होते फक्त ४ टक्के. म्हणजे स्टिअरिंग ज्याच्या हातात असतं त्याला सर्वांत कमी झळ बसते. आपल्या चुकीची किंमत दुसरा मोजतो हे शिकाऊ चालकाला पहिल्याच तासाला कळलं पाहिजे, आणि कोणताही अभ्यासक्रम तपासताना आम्ही आधी तेच शोधतो.

दुसरा आकडा सायरनचा. अमेरिकेतल्या २०१६ सालच्या सुमारे १.९ कोटी फेऱ्यांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घटनास्थळी जाताना दिवे-सायरन बंद असतील तर दर लाख फेऱ्यांमागे ४.६ अपघात, चालू असतील तर ५.४. फरक आहे, पण थोडा. रुग्णाला घेऊन रुग्णालयात जातानाचे आकडे मात्र ७.० आणि १७.१ असे आहेत. जेव्हा गाडीत सर्वांत जास्त माणसं आहेत, त्यांतलं एक स्ट्रेचरवर आणि एक बहुधा पट्ट्याविना उभं आहे, नेमका तेव्हाच सायरनमुळे धोका दुपटीहून जास्त वाढतो.

आणि मिळतं काय? उत्तर कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिल शहरात दिवे-सायरनसह आणि त्यांच्याशिवाय त्याच वाटांनी गाड्या नेऊन वेळ मोजली गेली. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या मोजणीत सरासरी ४३.५ सेकंद वाचले. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज शहरात २००० सालच्या मोजणीत १ मिनिट ४६ सेकंद. हृदय बंद पडलेल्या माणसासाठी हे सेकंद मोलाचे आहेत. हाड मोडलेल्या, शुद्धीवर असलेल्या, रक्तदाब ठीक असलेल्या रुग्णासाठी ते कुठेच लागत नाहीत. म्हणून सायरन कधी लावायचा नाही हे शिकवणारा तास कोणत्याही अभ्यासक्रमात आम्हाला हवाच.

आठ तासांचा वर्ग

ईव्हॉस निर्णय शिकवतो, आणि ते काम तो चांगलं करतो. कायदा चालकाला कोणती सूट देतो आणि सूट दिली तरी जबाबदारी कशी तशीच राहते, फेरी सुरू होण्याआधी गाडी कशी तपासायची, चौक, मागे घेणं, लक्ष विचलित होणं, थकवा, रस्त्याच्या कडेला उतरताना घ्यायची काळजी, असे विषय प्रत्यक्ष घडलेल्या अपघातांच्या आधाराने गटात चर्चेला घेतले जातात. चर्चेची रीत योग्यच आहे. वीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला नियम वाचून दाखवले तर तो ऐकत नाही. एखाद्या अपघाताचा क्रम समोर ठेवून ‘इथे तू काय केलं असतंस?’ असं विचारलं की तो बोलता होतो, आणि बोलता बोलता आपल्याच सवयी त्याच्या लक्षात येतात.

वर्गात सांगून भागेल अशा गोष्टी बऱ्याच आहेत. फेरीआधीची तपासणी त्यांतली एक. दहा मिनिटं पुरतात, पण क्रम ठरलेला हवा: टायर, ब्रेकचं पेडल, पुढचे-मागचे दिवे, सायरनचा प्रत्येक सूर, वायपर, आरसे, मागच्या दाराची कडी, स्ट्रेचरचं कुलूप, ऑक्सिजन सिलिंडरचा पट्टा. मागे जोडचाकं असलेल्या गाडीत आतल्या टायरची हवा हमखास राहून जाते. बाहेरचा टायर भार पेलत असतो, त्यामुळे आतला बसला आहे हे नुसतं पाहून कळत नाही आणि लाथ मारूनही कळत नाही. गेज लावावाच लागतो. आतला टायर रिकामा असेल तर सगळं वजन बाहेरच्यावर येतं, तो तापतो आणि वेगात असताना फुटतो.

वर्गाने होत नाही ते हातापायांचं काम. ब्रेकवर पाय किती दाबायचा, वळणात गाडीचं वरचं वजन कसं कलतं, आरशात दिसणारं अंतर खरं किती असतं, हे ऐकून येत नाही. आठ तासांचा वर्ग करून प्रमाणपत्र घेतलेल्या माणसाला थेट चावी देणाऱ्या सेवेने चालकाची विचारसरणी तपासलेली असते, चालवणं नव्हे. जे आधीच चांगलं चालवतात त्यांच्या उजळणीसाठी ईव्हॉस उत्तम. नव्या माणसासाठी तो फक्त सुरुवात. अभ्यासक्रम स्वतः वर्गापुरताच असल्यामुळे हा त्याचा दोष म्हणता येत नाही, पण पुढचं काम आपलं आहे हे घेणाऱ्याने ओळखायला हवं.

शंकूंचं मैदान

ईव्हॉकचं बळ मैदानात आहे. साडेतीन ते पाच टनांची, उंच, मागे बराच भाग चाकांच्या पलीकडे लोंबणारी गाडी किती जागा घेते, हे पाच तास शंकू पाडल्याशिवाय कळत नाही. सराव तसे जुनेच आहेत. नागमोडी वाट पुढे आणि मग उलट, सरळ मागे घेणं, काटकोनात मागे घेऊन लावणं, अरुंद होत जाणारी गल्ली, लेन बदलून थांबणं, अचानक अडथळा टाळणं.

मैदान आखताना मापं नीट घ्यावीत. अरुंद गल्लीसाठी आरशांसह गाडीची रुंदी मोजा, सुरुवातीला दोन्ही बाजूंना तीस-तीस सेंटिमीटर सोडा आणि शेवटी पंधरा-पंधरावर या. नागमोडी वाटेत दोन शंकूंमध्ये गाडीच्या लांबीच्या दीडपट ते दुप्पट अंतर ठेवा; त्याहून कमी ठेवलं तर शिकाऊ माणूस केवळ स्टिअरिंग ओढायला शिकतो, नजर पुढे टाकायला नाही. शंकू मागच्या कोपऱ्याने पडला की थांबवून चालकाला खाली उतरवा आणि दाखवा. पुढचं चाक आत वळलं तेव्हा मागचा लोंबता भाग उलट दिशेला बाहेर फेकला गेला, म्हणून शंकू पडला. अरुंद रस्त्यात लावलेल्या गाड्यांचे आरसे याच कारणाने तुटतात.

मागे घेण्याच्या सरावाला सर्वांत जास्त वेळ द्यावा. रुग्णवाहिकांच्या किरकोळ नुकसानीतला मोठा वाटा मागे घेतानाचा असतो आणि तो जवळपास पूर्ण टाळता येतो. सहकाऱ्याने खाली उतरायचं, चालकाच्या बाजूला मागच्या कोपऱ्यापासून थोडं लांब, आरशात पूर्ण दिसेल असं उभं राहायचं. हातवारे चारच: ये, डावीकडे, उजवीकडे, थांब. ते गाडी हलण्याआधी दोघांनी ठरवायचे. काच खाली, रेडिओ बंद. सहकारी आरशातून दिसेनासा झाला त्या क्षणी ब्रेक, मग कितीही जागा दिसत असो. कॅमेरा असला तरी यातलं काहीही कमी होत नाही, कारण कॅमेऱ्याला वरची लोंबती फांदी आणि पोर्चचं छत दिसत नाही. गाडीची उंची डॅशबोर्डवर मोठ्या आकड्यांत चिकटवलेली असावी, आणि वर बसवलेले दिवे व अँटेना धरून मोजलेली असावी.

ब्रेकचा सराव हा मैदानाचा गाभा आहे, आणि तोच बहुतेक ठिकाणी अर्धवट होतो. शिकवतात ते जोरदार ब्रेक मारून लवकरात लवकर थांबणं. तेही यायला हवं. कोरड्या रस्त्यावर चांगले टायर असतील तर ताशी ६० किलोमीटरवरून ब्रेक लागल्यानंतर गाडी सुमारे २० मीटरमध्ये थांबते. पण मागे परिचारक उभा राहून शिरेत सुई घालत असेल तर त्याला सहन होईल असा ब्रेक फार हलका असतो. वेग दर सेकंदाला ताशी सातेक किलोमीटरने कमी होईल इतकाच. या हिशेबाने ताशी ६० वरून थांबायला ७० मीटर लागतात, आणि दिसल्यापासून पाय पडेपर्यंतचा दीड सेकंद धरला तर आणखी २५ मीटर. एकूण जवळजवळ ९५ मीटर. म्हणजे मागे माणूस काम करत असताना चालकाने शंभर मीटर पुढचं वाचलं पाहिजे. मैदानावर २० मीटरची आणि ७० मीटरची अशा दोन्ही रेषा आखा. पहिली रिकाम्या गाडीने करा, दुसरी स्ट्रेचरवर पाण्याने काठोकाठ भरलेलं भांडं पट्ट्याने बांधून. जमिनीवर सांडलेलं पाणी कुणालाही मान्य करावं लागतं, तिथे वाद उरत नाही.

दोन ठिकाणी मैदान उलट नुकसान करतं. पहिलं, स्टॉपवॉच. प्रशिक्षकाने वेळ मोजायला घेतली की शर्यत सुरू होते आणि वेग हाच गुण ठरतो. मोजायचेच असतील तर पडलेले शंकू आणि सांडलेलं पाणी मोजा. दुसरं, निसरड्या पृष्ठभागावर गाडी घसरवून सावरण्याचा सराव. नॉर्वेत १९८० च्या दशकात नव्या चालकांना असं शिकवल्यावर तरुण पुरुषांचे अपघात वाढलेले आढळले. ‘आता मला सावरता येतं’ हा विश्वास मिळतो, कौशल्य मात्र काही महिन्यांत विरतं, आणि वेग तेवढा वाढलेला राहतो. गाडी घसरते कशी हे एकदा अनुभवायला हरकत नाही. त्याचा सराव करून प्रावीण्य मिळवण्याच्या मागे लागू नये.

१९९५ चा अभ्यासक्रम असल्याने ईव्हॉकमध्ये काळाची धूळ आहे. कागदी नकाशावरून वाट ठरवणं त्यात नीट आहे आणि ते आजही उपयोगी पडतं, पण चालकाच्या पुढ्यातला स्क्रीन, मोबाइल आणि स्थिरता राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा यांचं शिक्षण प्रशिक्षकालाच जोडावं लागतं. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीतही ब्रेक थांबून थांबून दाबायला शिकवणारा प्रशिक्षक दिसला तर दुसरा शोधावा. एबीएसमध्ये पेडल दाबून धरायचं असतं, पायाखाली थरथर जाणवली तरी सोडायचं नसतं आणि स्टिअरिंग वळवत राहायचं असतं.

चार आठवड्यांचा रस्ता

ब्रिटिश अभ्यासक्रमाचं आम्हाला सर्वांत पटलेलं अंग म्हणजे त्याचा क्रम. साडेतीन ते साडेसात टनांच्या गाडीसाठी तिथे सी-१ परवाना लागतो, त्यामुळे मोठी गाडी चालवण्याचं प्राथमिक ज्ञान गृहीत धरलेलं असतं. प्रशिक्षक आणि तीन-चार शिकाऊ अशी तुकडी रस्त्यावर निघते, आणि पहिला मोठा टप्पा दिवे-सायरनविना असतो. निळे दिवे नंतर येतात. साधं चालवणं पक्कं झाल्याशिवाय सायरन हाती देत नाहीत हे अगदी बरोबर आहे, कारण सायरन कानात वाजू लागला की माणसाचा वेग आपोआप चढतो, नजर समोरच्या एका बिंदूवर खिळते आणि कडेचं दिसेनासं होतं. त्या अवस्थेत टिकतं ते फक्त आधी सवयीत मुरलेलं.

ही सवय पाच पायऱ्यांची आहे: माहिती, जागा, वेग, गिअर, मग गती. प्रत्येक वळण, चौक, अडथळा याच क्रमाने घ्यायचा. काय दिसतं ते आधी वाचायचं, मग रस्त्यावरची आपली जागा ठरवायची, मग ब्रेकने वेग हवा तिथे आणायचा, त्या वेगाला योग्य गिअर टाकायचा, आणि वळण उलगडलं की गती द्यायची. ब्रेक वळणाआधी सरळ रेषेत संपतो, म्हणून गाडीचं वजन वळणात पुढे आणि बाहेर असं एकदम ढकललं जात नाही. स्ट्रेचरवरच्या माणसाला आधी एक हलका धक्का जाणवतो, मग एक कल. ब्रेक आणि वळण एकत्र आले की त्याचं डोकं एका बाजूला आणि शरीर पुढे जातं. मणक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या बाबतीत या फरकाला किती महत्त्व आहे, ते मागे बसणाऱ्यांना ठाऊक असतं.

दुसरं साधन बोलत गाडी चालवण्याचं. शिकाऊ चालक जे पाहतो ते मोठ्याने सांगत जातो: ‘पुढे बस थांबली, तिच्यापुढून कुणी येऊ शकतं, वेग कमी, डावीकडे दुचाकी, आरसा पाहिला.’ बोलणं अडखळलं की प्रशिक्षकाला नेमकं कळतं की नजर कुठे अडकली. पाच मिनिटांपासून सुरू करून पंचवीस मिनिटांपर्यंत न्यावं. सलग तासभर बोलायला लावलं तर माणूस दमतो आणि फक्त दिसेल त्याची नावं घेऊ लागतो.

चौकाची रीत या अभ्यासक्रमातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला पाठ असायला हवी, आणि ईव्हॉक-ईव्हॉसवाल्यांनीही ती अशीच घ्यावी. चौकाच्या शंभरेक मीटर आधी गती सोडायची आणि पाय ब्रेकवर नुसता ठेवायचा. सायरनचा लांब सूर बदलून जलद सूर लावायचा, कारण सूर बदलला की लोकांचं लक्ष जातं, एकच सूर चालू राहिला तर कान त्याला सरावतात. सिग्नल लाल असेल तर रेषेवर पूर्ण थांबायचं. नुसतं हळू होणं पुरत नाही. मग आडव्या रस्त्याची एकेक गल्ली, म्हणजे लेन, वेगवेगळी मोकळी करून घ्यायची. पहिल्या गल्लीतला चालक आपल्याकडे पाहतोय याची खात्री झाली की त्या गल्लीपुरतं पुढे, पुन्हा थांबायच्या तयारीत दुसरी, मग तिसरी. पहिल्या गल्लीत थांबलेला ट्रक हा चौकातला सर्वांत मोठा धोका. तो सौजन्याने थांबतो, आणि त्याच्याआडून दुसऱ्या गल्लीतली दुचाकी पूर्ण वेगात येते. तिला ना रुग्णवाहिका दिसते ना ट्रकचा चालक का थांबला ते कळतं.

थांबलेल्या चालकाने हात करून ‘या’ म्हटलं तरी त्यावर जाऊ नये. तो फक्त स्वतःच्या गल्लीबद्दल सांगू शकतो. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने आपली बाजू पाहून ‘डावीकडून गाडी येते आहे’ असं सांगावं, पण ‘मोकळं आहे, चल’ असं म्हणू नये. निर्णय स्टिअरिंगवाल्याचाच, आणि ऐकून घेतलेल्या ‘मोकळं’वर झालेले अपघात पुष्कळ आहेत.

सायरन आपल्याला जितका मोठा ऐकू येतो तितका आडव्या रस्त्यावरच्या गाडीत ऐकू येत नाही. ध्वनी पुढच्या दिशेला फेकला जातो, कोपऱ्यावरच्या इमारती तो अडवतात, आणि ऐकणाऱ्याच्या काचा बंद असतात. ऐकू आला तरी कुठून येतोय हे कळायला वेळ लागतो. ताशी ६० ने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे गेलेली असते. म्हणून सायरन ही विनंती आहे असं समजूनच चौकात शिरावं.

आणखी एक गोष्ट आम्हाला या पद्धतीत विशेष आवडते. सिग्नलला सगळ्या गल्ल्या भरलेल्या असतील आणि पुढे जायला जागाच नसेल, तर बरंच मागे थांबून सायरन बंद ठेवायचा. मागून भोंगा लावत राहिलं तर घाबरलेला पुढचा माणूस लाल सिग्नल तोडून आडव्या वाहतुकीत शिरतो. रुग्णवाहिकेला ओरखडाही येत नाही आणि तिच्यामुळे अपघात होतो. रुग्णवाहिका गेल्यावर तिच्या मागे होणाऱ्या धडकाही अशाच, कुणाच्याही नोंदीत न येणाऱ्या. दोन रुग्णवाहिका एकामागोमाग जात असतील तर दोघींचे सूर वेगळे ठेवावेत आणि मध्ये चांगलं अंतर राखावं. पहिली गेली की लोक लगेच रस्त्यावर परत येतात, दुसरीची कल्पना त्यांना नसते.

या अभ्यासक्रमाची अडचण वेळेची. चार आठवडे माणूस पाळीतून काढायचा म्हणजे उरलेल्यांवर भार पडतो, आणि लहान सेवेला ते जड जातं. दुसरी गोष्ट शिकवणाऱ्यावर अवलंबून आहे: सरावाची गाडी रिकामी नेली तर ती हलकी असते, लवकर थांबते आणि वळणात कमी कलते. प्रशिक्षणाच्या गाडीत रुग्ण, दोन परिचारक, सिलिंडर आणि सामान यांच्या वजनाइतकी वाळूची पोती खाली आणि घट्ट बांधून ठेवावीत. एवढी छोटी गोष्ट बऱ्याचदा राहून जाते.

मागचा केबिन

तिन्ही अभ्यासक्रमांकडून आमची हीच मोठी अपेक्षा आहे. चालकाला मागे झोपवा. प्रत्येक शिकाऊ माणसाने वीस मिनिटं स्ट्रेचरवर पट्टे बांधून, डोळे छताकडे ठेवून, दुसऱ्याच्या हाताखाली प्रवास करावा. पाय पुढे असोत की डोकं, बाहेरचं काही दिसत नाही, प्रत्येक खड्डा पाठीतून येतो आणि वळण आधी कळत नाही. त्यानंतरची वीस मिनिटं परिचारकाच्या आसनावर, पट्टा लावून. तिथून मॉनिटरपर्यंत आणि औषधांपर्यंत हात पोचतो का ते तपासावं. पोचत नसेल तर परिचारक पट्टा सोडणारच, आणि ती चूक गाडीच्या मांडणीची आहे. एनएचटीएसएने खोलात तपासलेल्या अपघातांत मागच्या केबिनमधल्या ८४ टक्के कर्मचाऱ्यांनी पट्टा लावलेला नव्हता. फक्त दटावून हा आकडा खाली येणार नाही.

स्ट्रेचरवर खांद्यांचे पट्टे लावायचा कंटाळा सगळीकडे दिसतो. छाती, कंबर आणि पाय एवढेच बांधले तर समोरून धडक बसल्यावर रुग्ण पट्ट्यांखालून पुढे सरकतो. खांद्यांचे पट्टे त्यासाठीच असतात. सामानाचं तेच. युरोपात रुग्णवाहिकांसाठी असलेलं ईएन १७८९ हे मानक माणसं आणि उपकरणं गुरुत्वाच्या दहापट जोराला जागेवर राहिली पाहिजेत असं सांगतं. नऊ किलोचा मॉनिटर त्या क्षणी ९० किलोंचा जोर लावतो. आसनावर नुसता ठेवलेला मॉनिटर चालकाच्या डोक्यापर्यंत येतो.

पुढे आणि मागे बोलण्याचे शब्द ठरवून घ्यावेत. ‘ब्रेक’, ‘डावं’, ‘उजवं’, ‘खड्डा’, एवढे पुरे. चालकाने ते दोन-तीन सेकंद आधी म्हणावेत, आणि मागून ‘थांब’ आलं की कारण न विचारता सुरक्षित जागा पाहून थांबावं. धावत्या गाडीत छातीवर दाब देण्याचं काम नीट होत नाही आणि देणारा स्वतः धोक्यात असतो, म्हणून अशा रुग्णाला नेताना वेग वाढवण्यात काहीच हशील नाही. सपाट, न डुलणारी चाल हवी. पाच किलोमीटर अंतर ताशी ६० ऐवजी ७० ने गेलं तर ४३ सेकंद वाचतात, तेही वाटेत एकदाही थांबावं लागलं नाही तर.

सिम्युलेटरबद्दल थोडक्यात. चौकातले निर्णय, रात्र, पाऊस, अचानक आडवं येणारं मूल, हे कुणालाही इजा न होता पुन्हा पुन्हा दाखवायला तो फार चांगला. ब्रेकचा स्पर्श आणि गाडीचा कल मात्र त्यातून येत नाही, आणि काहींना तासाभरात मळमळू लागतं. वीस-वीस मिनिटांच्या फेऱ्या ठेवाव्यात.

गाडीत बसवलेलं नोंदयंत्र, जे जोरदार ब्रेक, वळण आणि वेग टिपतं, ते प्रशिक्षणाला जोड म्हणून घ्यावं. जागच्या जागी आवाज करून सावध करणारं यंत्र महिन्याच्या अहवालापेक्षा जास्त उपयोगी पडतं, कारण चूक आणि सूचना यांत अंतर राहत नाही. पण शिक्षेसाठी त्याचा वापर सुरू झाला की चालक ब्रेक मारायलाच कचरतात, आणि ती गोष्ट जास्त धोक्याची.

परीक्षेबद्दल आमचा आग्रह आहे. लाल सिग्नलवर पूर्ण न थांबणं, सहकारी न दिसता मागे घेणं आणि पट्टा न लावता गाडी हलवणं, या तिन्हींपैकी एकही घडलं तर बाकीचे गुण न पाहता नापास करावं. उत्तीर्ण झालेल्याने पहिल्या काही पाळ्या अनुभवी चालकाच्या शेजारी बसून आणि मग त्याला शेजारी बसवून कराव्यात. त्यानंतर वर्षातून एकदा, अर्ध्या दिवसाची, खऱ्या फेरीतली पाहणी हवी.

प्रशिक्षण विकत घेण्याआधी देणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न: प्रत्येक माणसाच्या हातात स्टिअरिंग किती तास असेल? अभ्यासक्रम किती तासांचा असं विचारू नका. एका गाडीत चार शिकाऊ आणि दिवसाचे सहा तास रस्त्यावर, म्हणजे एकाच्या वाट्याला दीड तास. पाच दिवसांच्या ‘तीस तासांच्या’ प्रशिक्षणात माणूस प्रत्यक्ष साडेसात तास चालवतो. त्यातले रात्रीचे किती, दिवे-सायरनसह किती, भरलेल्या गाडीने किती, हे लिहून मागावं. उरलेल्या वेळी मागे बसलेले तिघे काय करतात तेही विचारावं. चांगला प्रशिक्षक त्यांच्यापैकी एकाला स्ट्रेचरवर बांधतो, एकाला परिचारकाच्या आसनावर पट्टा लावून बसवतो, आणि तिसऱ्याच्या हातात कागद देऊन पुढच्याने किती चौकांत पाय ब्रेकवर वेळेत आणला त्याची नोंद करायला लावतो.